भाला कुठला, किती जुना?

खंडेनवमीला घरातली शस्त्रे आणि अवजारे काढायची, घासूनपुसून लखलखीत करायची आणि पुजायची, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. तलवार-कट्यार नसली तर विळा, कोयता, कुऱ्हाड, खुरपे पुजले जाते. समजा, लासलगावातल्या एखाद्या घरी या दिवशी माळ्यावरून एक लांबलचक भाला खाली आला. पाते हातभर लांब, दांडा काळपट, जोडाशी चामड्याचे वाळलेले वेष्टन. घरचे सांगतात, "पणजोबांनी आफ्रिकेतून आणला. तीनशे वर्षांचा आहे." वर्गातली मुले विचारतात, "खरंच का?"

प्रश्न दोन आहेत. हा भाला कुठला? आणि तो किती जुना? ते सोपे वाटतात. 'प्रयोगशाळेत पाठवला की वय कळेल' असा आपला समज असतो. प्रत्यक्षात शे-दीडशे वर्षांच्या वस्तूचे वय अचूक सांगणारी एकच एक चाचणी नाही. जोड, लोखंड, लाकूड, झीज आणि घरातली माहिती असे पाच-सहा साक्षीदार उभे करावे लागतात आणि त्यांची साक्ष एकमेकांशी ताडून पाहावी लागते. हे काम भिंग, मोजपट्टी आणि वही घेऊन बरेच पुढे नेता येते. म्हणूनच ते शाळेत करण्यासारखे आहे.

मात्र यातले निम्मे साक्षीदार चिंच, विटकरीची पूड आणि पॉलिश कागद यांच्यापुढे अर्ध्या तासात नाहीसे होतात. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

आधी घासू नका

जुन्या लोखंडावरचा गंज दोन प्रकारचा असतो. एक गडद तपकिरी किंवा काळसर, घट्ट बसलेला थर. तो बहुधा स्थिर असतो आणि खालच्या लोखंडाला काही प्रमाणात झाकून ठेवतो. दुसरा नारिंगी, भुसभुशीत, बोटाला लागणारा. तो वाढता गंज, आणि थांबवायला हवा तो हाच. पण दोन्ही एकदम खरवडून काढले की पात्यावरचे घणाचे ठसे, कानसीच्या रेषा आणि धार लावल्याच्या खुणा जातात. पाते किती वेळा परजले गेले, घण कोणत्या दिशेने पडला, हे सांगणारे दुसरे काही मग उरत नाही.

दांड्याचेही तसेच. हाताच्या घामातेलाने मुठीच्या जागी आलेली झळाळी, बुडाची झीज, चामड्याचा तुकडा, एखादा मणी, शाईने लिहिलेला बारीक आकडा हे सगळे पुरावे आहेत. व्हार्निशचा एक हात त्यांना झाकून टाकतो. दरवर्षी लावलेले हळदकुंकूसुद्धा पुरावाच आहे. वस्तू या घरात कशी नांदली ते त्यावरून कळते.

म्हणून पहिल्या दिवशी एवढेच करावे. मऊ ब्रशने धूळ झटकावी. पांढऱ्या कापडावर ठेवून, शेजारी मोजपट्टी ठेवून, दोन्ही बाजूंची, जोडाची आणि बुडाची छायाचित्रे काढावीत. एकूण लांबी, पात्याची लांबी, रुंदी, जाडी आणि वजन वहीत टिपावे. लोखंड कोरड्या जागी ठेवावे, पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नये. पूजा करायला काहीच हरकत नाही. कुंकू दांड्याशेजारी वाहिले तरी चालते. आणि भाला हे शस्त्र आहे, तेव्हा वर्गात छायाचित्रे आणि मापे आणावीत, भाला घरीच राहू द्यावा.

आफ्रिका ते निफाड तालुका

घरातली हकीकत हा पहिला साक्षीदार. तो बरेचदा अतिशयोक्ती करतो, पण क्वचितच पूर्ण खोटे बोलतो. 'तीनशे वर्षे' हा आकडा सोडून द्यावा आणि 'कोणी आणला, केव्हा, कशासाठी गेला होता' हे विचारावे. महाराष्ट्रातून आफ्रिकेत जाण्याच्या वाटा इतिहासात नोंदलेल्या आहेत आणि प्रत्येक वाटेला आपापले प्रदेश व आपापली साले आहेत.

१८६७-६८ साली अबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, रॉबर्ट नेपियरच्या हाताखाली जी मोहीम गेली ती मुख्यतः मुंबईहून निघाली. मुंबई इलाख्याच्या पलटणी, सॅपर्स आणि चक्क ४४ हत्ती त्या मोहिमेत होते. १३ एप्रिल १८६८ रोजी मगदलाचा डोंगरी किल्ला पडला आणि मोठी लूट झाली. १८८५ साली सुदानच्या किनाऱ्यावर सुआकिनजवळ तोफरेकच्या लढाईत २८ वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री होती. समोरच्या लोकांच्या हातात भाले आणि तलवारी होत्या. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू होताच हिंदी फौज पूर्व आफ्रिकेत टांग्याला उतरली. १९४१ साली इरिट्रियातील केरेनच्या लढाईत मराठा पलटणी लढल्या. केरेन हा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या युद्धसन्मानांपैकी एक आहे. १९६० ते १९६४ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या वतीने भारतीय सैनिक काँगोत होते.

युद्धाखेरीज नोकरीची वाट होती. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले गेले. त्यात पंजाबी अधिक असले तरी पुढे कचेऱ्या, शाळा, दवाखाने यांत गोवेकर आणि मराठी माणसेही गेली. औंधचे अप्पासाहेब पंत १९४८ पासून काही वर्षे नैरोबीत भारताचे आयुक्त होते. १९७२ साली इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना हाकलून दिले, तेव्हा अनेकांना असेल ते सामान घेऊन निघावे लागले.

या वाटांचा उपयोग असा. पणजोबा १९१४ च्या फौजेत असतील तर भाला पूर्व आफ्रिकेतला असण्याचा संभव अधिक आणि तो १९१८ नंतर बनलेला असू शकत नाही. काका १९६२ साली काँगोत असतील तर प्रदेश बदलला आणि साल पुढे सरकले. वस्तू घरात आली ते साल ही तिच्या वयाची अलीकडची मर्यादा. त्या सालाच्या आधी ती बनलेलीच होती. पलीकडची मर्यादा, म्हणजे 'याच्या आधी बनलेली नाही' असे साल, वस्तूकडूनच काढावे लागते. या दोन सालांमधले अंतर शक्य तितके कमी करणे म्हणजेच वय ठरवणे.

त्यासाठी कागद शोधावेत. फौजेतून सुटल्याचा दाखला, पदकावरची अक्षरे, जुना पासपोर्ट, बोटीचे तिकीट, एखादे छायाचित्र. पदकाच्या कडेवर बहुधा शिपायाचे नाव व पलटण कोरलेली असते. तिच्यावरून तो कुठे गेला होता ते काढता येते.

मुळात तो आफ्रिकी आहे का?

हा प्रश्न विचारायला आपण विसरतो. आपल्याकडे भाल्यांची काय कमी! मराठ्यांचा विटा, म्हणजे दोरी बांधलेला फेकायचा भाला. संपूर्ण लोखंडाची सांग. भालदाराचा मिरवायचा भाला. घोडदळाचा बांबूच्या दांड्याचा लांब भाला. यांपैकी कोणताही 'हबशाचा भाला' म्हणून सांगितला जाऊ शकतो. जंजिऱ्याच्या सिद्दींची आणि दौलताबादेच्या मलिक अंबरची आठवण लोकांच्या मनात असते, त्यामुळे असे नाव सहज चिकटते.

एक जवळचे उदाहरण घेऊ. ब्रिटिश अधिकारी घोड्यावरून रानडुकराची शिकार करत. त्यासाठी लागणाऱ्या भाल्यांची पाती औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बनत आणि त्यांवर 'बोदराज' हे नाव इंग्रजी अक्षरांत ठोकलेले असे. पाते लहान, पानाच्या आकाराचे, भक्कम पोलादाचे, दांडा वेळूचा. असा भाला लासलगावात निघाला तर तो शेजारच्या जिल्ह्यातला आहे! भिंगाखाली पात्याच्या बुडाशी अक्षरे दिसतात का, हे म्हणूनच आधी पाहावे. घोडदळाच्या सरकारी भाल्यावर बाणाच्या आकाराचा सरकारी शिक्का, आकडे आणि साल असू शकते.

बांबूचा दांडा दिसला म्हणून भाला भारतीयच, असेही म्हणता येत नाही. सुदान आणि इथिओपियातही बांबूचे दांडे वापरत. शिवाय दांडा मोडला की आपल्या सुताराकडून नवा बसवून घेतला जातो. पाते एका खंडातले आणि दांडा दुसऱ्या खंडातला, असेही होऊ शकते. म्हणून दोन्हींची चौकशी वेगवेगळी करायची.

जोड सर्वांत बोलका

पात्याचा आकार फसवा असतो, कारण पानासारखे पाते जगभर सापडते. पाते दांड्याला कसे जोडले आहे, हे मात्र त्या त्या ठिकाणच्या लोहाराच्या हाताच्या सवयीवर अवलंबून असते आणि सवय सहसा बदलत नाही. आपली अवजारे आठवा. खुरप्याला मागे टोकदार शेपूट असते आणि ते लाकडी मुठीत ठोकलेले असते. कुऱ्हाडीला नेढे असते आणि दांडा त्यातून जातो. भाल्यातही असेच दोन मुख्य प्रकार आहेत. पात्याचे शेपूट दांड्यात घुसवायचे, किंवा पात्याच्या बुडाला पत्रा गुंडाळून नळी करायची आणि दांडा तिच्यात बसवायचा.

दक्षिण आफ्रिकेत झुलू आणि त्यांच्या शेजारच्या लोकांत शेपटाची पद्धत आहे. शेपूट तापवून दांड्याच्या टोकात जाळत घुसवतात आणि वरून ओले कातडे, वेताच्या पट्ट्या किंवा तार यांनी आवळतात. कातडे वाळले की आकसते आणि जोड घट्ट होतो. रुंद पात्याचा, आखूड दांड्याचा, भोसकण्याचा झुलू भाला शाका या राजाच्या नावाशी जोडला जातो. त्याचा काळ १८१६ ते १८२८.

इथिओपिया आणि सुदानकडे नळीची पद्धत दिसते. तिथले पाते बहुधा पानासारखे, मधोमध उंचवटा असलेले. दांडा लांब, आणि त्याच्या बुडाला तोल सांभाळायला लोखंडाचा तुकडा किंवा गुंडाळी. नळी कशी बंद केली आहे तेही पाहावे. आफ्रिकेतील पुष्कळ भाल्यांत पत्रा गुंडाळून दोन्ही कडा एकमेकींजवळ आणलेल्या असतात, पण सांधलेल्या नसतात, आणि मध्ये एक उघडी फट दिसते.

केनिया आणि टांझानियातील मसाई लोकांचा भाला तीन भागांचा असतो. वर लांब पाते, मध्ये हाताने धरण्यापुरता आखूड लाकडी दांडा, खाली लांब लोखंडी सळई. लोखंडाचे दोन्ही भाग नळीने लाकडावर बसतात. एकदा पाहिला की हा भाला विसरत नाही. याच्या आकारात काळाचीही खूण आहे. १९ व्या शतकात, युरोपीय प्रवासी या प्रदेशात प्रथम पोहोचले त्या सुमारास, तिथे रुंद, आखूड पानासारखी पाती आणि लांब लाकडी दांडे अधिक दिसत. शतकाच्या शेवटच्या दशकांपासून पाती लांब आणि अरुंद होत गेली, आणि लाकूड आखूड झाले. आयात लोखंड मुबलक मिळू लागल्याशी या बदलाचा संबंध जोडला जातो. मात्र वडीलधाऱ्यांचे आणि तरुण योद्ध्यांचे भाले वेगळे असत. म्हणून आखूड पाते दिसले की जुनेच, असा नियम करू नये.

काँगोच्या खोऱ्यात दांड्यावर तांब्या-पितळेच्या तारेचे किंवा पट्टीचे वेष्टन पुष्कळदा आढळते. तिथली काही प्रचंड पाती, माणसाच्या उंचीच्या जवळपास जाणारी, लढाईसाठी नव्हतीच. ती वधूमूल्य म्हणून, म्हणजे पैशासारखी, दिली जात. सहारात तुआरेग लोकांचा भाला जवळजवळ सगळा लोखंडाचा, बारीक, पितळेच्या नक्षीचा असतो. आपल्या सांगेशी त्याची गल्लत होऊ शकते.

पात्याचा आडवा छेद कसा असेल, याचाही विचार करावा. आफ्रिकेच्या मध्य आणि दक्षिण भागातील अनेक पात्यांवर मधल्या रेषेच्या एका अंगाला खोलगट भाग आणि दुसऱ्या अंगाला फुगीर भाग असतो. उलट बाजूने पाहिले तर तोच क्रम उलटा. छेद घेतला तर नागमोडी रेषा दिसेल. भाला न कापता हे पाहायचे असेल तर ओल्या शाडूच्या मातीची पट्टी पात्यावर हलकेच दाबण्याचा मोह होईल. तो टाळावा, पाणी लोखंडाला लागते. त्याऐवजी जाड कागद थोडाथोडा कापत पात्याच्या पृष्ठभागाशी जुळवावा. सुतार साचा जुळवतो तसे.

लोखंड काय सांगते?

जुन्या पद्धतीच्या भट्टीत लोखंड वितळत नाही. दगडी खनिज आणि कोळसा थरांनी भरून भाता मारला की तळाशी मऊ, सच्छिद्र गोळा तयार होतो. त्यात मळी अडकलेली असते. गोळा तापवून ठोकत राहिले की मळी बरीचशी बाहेर पडते, उरलेली लांब धाग्यांसारखी लोखंडात राहते. आफ्रिकेत हे तंत्र दोन हजार वर्षांहून जुने आहे. आपल्या विदर्भातही त्याचा पुरावा आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली आणि माहुरझरीच्या शिळावर्तुळांत लोखंडी हत्यारे मिळाली. तिथे वय मातीच्या थरांवरून आणि सोबतच्या वस्तूंवरून काढता आले. माळ्यावरच्या भाल्याला असे थर नसतात, म्हणून त्याचे काम अधिक अवघड.

असे मळीचे लोखंड गंजते तेव्हा धाग्यांच्या दिशेने फाटते. भिंगाखाली पृष्ठभाग लाकडाच्या शिरांसारखा दिसतो. कारखान्यातले पोलाद एकजिनसी असते, त्यावर गंजाचे गोल खड्डे पडतात. पण इथेही घाई नको. १८ व्या शतकाच्या अखेरीपासून पुढे शंभरावर वर्षे युरोपातल्या कारखान्यांत जे घडाऊ लोखंड बनत होते, त्यातही मळीचे धागे असत, आणि ते व्यापाऱ्यांनी आफ्रिकेत नेले. शिरा दिसल्या तर 'हे अलीकडचे पोलाद नाही' एवढेच म्हणता येते.

उलट बाजू जास्त पक्की आहे. १८५६ साली बेसेमरने पोलाद स्वस्तात बनवण्याची रीत काढली आणि नंतर पोलादात मँगनीज मिसळणे नेहमीचे झाले. क्ष-किरण प्रतिदीप्ती नावाची तपासणी वस्तूला धक्का न लावता पृष्ठभागातील धातू ओळखते. पात्यात सर्वत्र सारखे, अर्ध्या टक्क्याच्या आसपास मँगनीज आढळले तर ते बहुधा कारखान्यातले पोलाद, म्हणजे १९ व्या शतकाच्या उत्तरार्धाआधीचे नाही. झाली आपली पलीकडची मर्यादा.

आपल्याकडचे लोहार मोटारीच्या कमानीचे पाटे तोडून कोयते बनवतात. पूर्व आफ्रिकेतले लोहारही तेच करतात. पाट्याचा भाला खोटा ठरत नाही, मसाई लोहाराने मसाई माणसासाठी तो बनवलेला असू शकतो. तो मोटारीच्या काळातला आहे, एवढेच. मात्र पाते आणि दांडा आट्यांनी एकमेकांत फिरवून बसत असतील, तर तो पिशवीत मावावा म्हणून प्रवाशांसाठी केलेला असण्याचा संभव मोठा. विजेच्या वेल्डिंगचा मणी, नायलॉनचा धागा, प्लास्टिकचे मणी, फुलीच्या खाचेचा स्क्रू यांपैकी काही सापडले तर साल २० व्या शतकात बरेच आत येते. नायलॉन बाजारात आले ते १९३८ नंतर. अर्थात हा धागा पुढे कोणी दुरुस्तीसाठी बांधला का, हे तपासायलाच हवे.

कार्बन-१४ इथे अडखळतो

दांडा लाकडाचा आहे, मग कार्बन-१४ ने वय का काढू नये? झाड जिवंत असताना हवेतला कार्बन घेते, त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ चा अत्यल्प अंश असतो. झाड मेले की भर थांबते आणि हा अंश घटत जातो. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. याच हिशेबाने शंभर वर्षांत तो फक्त सुमारे १.२ टक्क्याने घटतो. आजची यंत्रे एवढा फरक मोजू शकतात. अडचण वेगळीच आहे.

हवेतला कार्बन-१४ सगळ्या काळात सारखा नव्हता. सूर्याच्या चढउतारांमुळे तो बदलला. उद्योगयुगात दगडी कोळसा जाळल्यामुळे जुना, कार्बन-१४ संपलेला कार्बन हवेत मिसळला. परिणामी साधारण १६५० ते १९५० या तीनशे वर्षांतल्या लाकडांची मापे एकमेकांत अशी गुंतली आहेत, की एकाच मापाला तीन-चार वेगवेगळी साले जुळतात. आपला भाला नेमका याच काळातला असण्याचा संभव! शिवाय कळते ते लाकडातले ते वर्तुळ वाढले ते साल, भाला बनला ते नव्हे.

एका बाबतीत मात्र ही चाचणी फार चोख काम करते. १९५५ पासून उघड्या हवेत झालेल्या अणुस्फोटांनी कार्बन-१४ झपाट्याने वाढला. १९६३ साली अशा चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला, त्या सुमारास उत्तर गोलार्धाच्या हवेत तो जवळजवळ दुप्पट झाला होता. नंतर तो उतरत गेला. दांड्याच्या लाकडात हा जादा कार्बन-१४ मिळाला, तर ते लाकूड १९५५ नंतर वाढलेले आहे यात शंका राहत नाही. 'तीनशे वर्षांचा' भाला एका तपासणीत सत्तर वर्षांच्या आत येतो.

लोखंडाचेही वय असे काढता येते, हे ऐकून मुलांना नवल वाटेल. पोलादात कार्बन असतो. लोखंड लाकडी कोळशावर गाळलेले असेल तर तो कार्बन त्या झाडाकडून आलेला असतो. निकोलास व्हॅन डर मर्व या संशोधकाने १९६० च्या दशकात हे दाखवून दिले. दगडी कोळशावर गाळलेल्या लोखंडातला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा. त्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो. त्यामुळे कारखान्यातल्या लोखंडाचा भाला हिमयुगाहून जुना ठरेल! आकडा चुकीचा, पण हा भट्टीचा प्रकार ओळखण्याचा एक उपाय झाला. अर्थात त्यासाठी पात्याचा तुकडा कापावा लागतो. घरच्या एका भाल्यासाठी हे करण्यात शहाणपण नाही.

लासलगावचे गॅमा किरण

लासलगावात किरणोत्साराचा विषय निघाला की 'कृषक' आठवते. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले हे विकिरण केंद्र २००२ साली सुरू झाले. तिथे कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडतात, त्यामुळे कोंब येत नाहीत. मुले हमखास विचारतील, 'मग त्या केंद्रात भाल्याचे वय कळेल का?' कळणार नाही. वय काढताना आपण वस्तूतून येणारा क्षीण संकेत मोजतो. कांद्यावर आपण बाहेरून किरण टाकतो. एकात ऐकणे आहे, दुसऱ्यात बोलणे.

पण जुन्या लाकडाशी या किरणांचा वेगळा संबंध आहे. दांड्याला बारीक छिद्रे पडून पिवळा भुगा गळत असेल तर आत कीड जिवंत आहे. गॅमा किरणांनी लाकडातली कीड आणि बुरशी मारण्याची पद्धत संग्रहालयांत वापरली जाते. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याची ममी १९७६ साली पॅरिसला नेली, तेव्हा तिच्यावरची बुरशी अशाच किरणांनी मारण्यात आली. 'कृषक' शेतमालासाठी आहे. आपल्या भाल्यासाठी जवळच्या संग्रहालयाचा सल्ला घेणे हा मार्ग. तोवर दांडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून इतर लाकडी सामानापासून दूर ठेवावा. वरून कीटकनाशक फवारू नये, चामडे आणि लाकूड दोन्ही डागाळतात.

निष्कर्ष कसा लिहावा?

एक कल्पित उदाहरण घेऊ. भाल्याची एकूण लांबी १७० सें.मी.; पाते ८०, लाकडी मूठ ३०, खालची सळई ६०. दोन्ही जोड नळीचे, आटे नाहीत, वेल्डिंग नाही. लोखंडात सर्वत्र मँगनीज. सळईचे टोक झिजून बोथट. आजोबा नैरोबीत नोकरीला होते, १९६४ साली परतले, आणि परतल्यावर काढलेल्या छायाचित्रात भिंतीवर हाच भाला दिसतो.

यावरून लिहिता येईल : 'पूर्व आफ्रिका, मसाई किंवा त्यांच्या शेजारचे लोक. पात्याच्या लांबीवरून १८९० च्या आधीचा नसावा, छायाचित्रामुळे १९६४ च्या नंतरचा नाही. कारखान्यातले पोलाद, तिथल्या लोहाराचे काम. सळईच्या झिजेवरून प्रत्यक्ष वापरलेला असावा.' यात 'नाही' आणि 'नसावा' हे दोन शब्द मुद्दाम वेगळे वापरले आहेत. पहिल्यामागे छायाचित्राचा पक्का पुरावा आहे, दुसऱ्यामागे अनुमान. विज्ञानात हा फरक राखणे महत्त्वाचे, आणि मुलांना तो शिकवायला यापेक्षा सोपे साधन मिळणे कठीण.

'मसाई किंवा शेजारचे' असे का लिहायचे, हेही समजावून सांगावे. किकुयू आणि संबुरू लोकांचे भाले मसाई भाल्यांशी जवळचे आहेत आणि एकाच लोहाराकडून दोन समाज हत्यारे घेत. नेमके सांगणारी माणसे शेवटी तिथलीच. मसाई प्रतिनिधी २०१८ साली ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात गेले, तेव्हा शतकभर कपाटात असलेल्या वस्तूंविषयी अशी माहिती त्यांनी दिली जी संग्रहालयाच्या नोंदींत नव्हती. काही वस्तू कुटुंबात वारशाने जाणाऱ्या होत्या आणि त्या राजीखुशीने दिल्या गेल्या असतील यावर त्यांचा विश्वास बसेना. आपल्या माळ्यावरचा भालाही कोणाच्या तरी हातातून आला आहे. तो विकत घेतला, भेट मिळाला की लढाईत उचलला, हा प्रश्न घरच्या हकिकतीत विचारायलाच हवा आणि उत्तर अवघड असले तरी लिहून ठेवायला हवे.

वर्गात करून पाहण्यासारखे

प्रत्येक घरात आफ्रिकी भाला नसतो, पण खुरपे आणि कोयता असतो. मुलांना घरच्या एका जुन्या अवजाराची नोंद करायला सांगा. जोड शेपटाचा की नळीचा की नेढ्याचा? मूठ मूळची की बदललेली? धार कोणत्या बाजूने जास्त झिजली, म्हणजे वापरणारा उजवा की डावखुरा? कोणत्या लोहाराने बनवले? घरात केव्हापासून आहे? 'या सालाआधी नाही' आणि 'या सालानंतर नाही' अशी दोन साले काढायला सांगा आणि प्रत्येक सालापुढे पुरावा लिहायला लावा. मग आजीआजोबांना विचारून ताळा करा. शक्य असेल तर मुलांना लोहाराच्या भट्टीवर किंवा घिसाड्याच्या पालावर न्या. पत्र्याची नळी कशी वळते आणि तिची फट का राहते, हे पाच मिनिटांत दिसते. कोणत्याही वर्णनाने ते इतके समजणार नाही.

आणि ज्यांच्या घरी खरोखरच असा भाला आहे, त्यांनी येत्या खंडेनवमीची वाट न पाहता एक काम करावे. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसून कोणी आणला, कुठून, कोणत्या साली, कसा मिळाला, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. कागदावर तारीख घालावी, एक प्रत सुती दोऱ्याने दांड्याला बांधावी, दुसरी घरच्या कागदपत्रांत ठेवावी. पात्याची तपासणी दहा वर्षांनीही करता येईल. ही माहिती देणारा माणूस तोवर असेलच असे नाही.